आधी माझी झडती घ्या

पंचडॉक्टर कुणाच्याही दारात पोचले की आत पाऊल टाकण्याआधी सगळे खिसे उलटे करून दाखवायचे. शर्टाचा, पँटचे, आणि पांढऱ्या अॅप्रनचे दोन मोठे. अस्तरं बाहेर लोंबत असायची आणि डॉक्टर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "आधी माझी झडती घ्या." तबेल्यात हेच, बँकेत हेच, लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तर लावणाऱ्या मुलींपुढेही हेच. माझ्या साखरपुड्याला आले तेव्हा सासूबाईंनी मला कोपऱ्यात ओढून विचारलं होतं, "हे तुमचे साहेब बरे असतात ना?" बरे असतात, फक्त पंच आहेत, असं मी म्हटलं. सासूबाईंचं त्याने समाधान झालं नाही.

खिशांत असायचं काय, तर जनावरांचा थर्मामीटर, एक मळका रुमाल आणि कागदाच्या पुडीत गुळाचा खडा. "अडलेली म्हैस, बुजलेला बैल आणि घाबरलेला माणूस, तिघांना एकच औषध," असं ते म्हणायचे. मी त्यांच्या हाताखाली जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले त्या दिवशी मलाही त्यांनी गूळ दिला होता. मी घाबरलेली नाही, असं मी ठणकावून सांगितलं. "मग बुजलेल्या असाल, बाई," म्हणाले आणि पुढच्या म्हशीकडे वळले. मला असा राग आला होता की तो गूळ मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसाच मुठीत ठेवला.

आमचा जनावरांचा दवाखाना पडघ्याच्या बाजूला, हायवेपासून आत. कधीकाळी चारी बाजूंना भाताची शेतं होती म्हणे. मी आले तेव्हा गोडाऊनांचे पत्रेच पत्रे होते, आणि मधल्या बोळांतून उरलेल्या म्हशी चरायला जायच्या. या गोडाऊनांत काय काय ठेवलेलं असतं ते बाहेरून कळत नाही. कधी कधी पोलिसांना कळतं. मग छापा पडतो, आणि छाप्याला पंच लागतात, म्हणजे झडती डोळ्यांनी बघून खाली सही करणारी दोन त्रयस्थ माणसं. अमली पदार्थाच्या केसला सरकारी माणूस पंच म्हणून असला की पोलिसांना बरं वाटतं. आसपासच्या सरकारी कार्यालयांपुढे जीप उभी राहिली की कुणाला अचानक दाढदुखी व्हायची, कुणी मागच्या दाराने चहाला जायचं. डॉक्टर मात्र हात धुऊन बाहेर यायचे. आमचे शिपाई बारकूमामा कळवळून सांगायचे, "जाव नका सायेब, आपला काय संबंध हाय?" कोणत्या ठाण्याची जीप ते मी इथे सांगत नाही. डॉक्टरांनीही कधी नाव घेऊन कुणाला शिव्या दिल्या नाहीत.

झडतीचा एक रिवाज आहे. ज्याची झडती घ्यायची, त्याला पंचांनी आणि पोलिसांनी आधी आपली अंगझडती देऊ करायची, म्हणजे आम्हीच काही खिशातून आणून तुझ्या खिशात टाकत नाही, याची त्याला खात्री पटावी. प्रत्यक्षात समोरचा भेदरलेला माणूस मान हलवतो, आणि पंचनाम्यात ठरलेलं वाक्य येतं की आरोपीने झडती घेण्यास नकार दिला. बाकीचे पंच हे वाक्य पुटपुटायचे. डॉक्टर खिसे उलटे करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचे. सवय अंगवळणी पडली आणि मग ती लग्नाच्या हॉलपर्यंत गेली. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, डॉक्टर," मी त्यांना म्हणायचे. ते म्हणायचे, "मी शहाणा नाही, बाई. मी सरकारी नोकर आहे."

बदललेल्या काळाची खूण त्यांना पुस्तकात शोधावी लागली नाही. सुरुवातीला जीप न्यायची ती गांजासाठी, एस.टी.तून आणलेली पिशवी, वरती कांदे आणि खाली पुडे. मग आल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, खोक्यांवर खोके. नारपोलीच्या यंत्रमागांवरचे काही कारागीर शिफ्ट सुटली की खोकला नसतानाही ते प्यायचे आणि भिंतीला धरून घरी जायचे. मग पांढरी पावडर आली. तिच्या केसला जामीन सहसा मिळत नाही आणि माल जास्त असला तर शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. डॉक्टर म्हणायचे, "माल दर दोन-चार वर्षांनी बदलतो. पकडलेला माणूस काही बदलत नाही. तोच चौकीदार, तोच ड्रायव्हर, तोच हमाल. मालकाची झडती घ्यायची माझी वेळ कधी येणार?" हे ते हसत म्हणायचे. ती वेळ आली तेव्हा हसायला ते फार दिवस उरले नाहीत.

रामसजन हा असाच एक चौकीदार. पडघ्याच्या एका गोडाऊनवर होता, बिहारकडचा, सडपातळ, कधी आमच्या दवाखान्यात पाणी भरायला यायचा. गोडाऊन भाड्याने घेतलं होतं एका शेठने. त्याचं नाव लिहून मला माझी झोप घालवायची नाही. परिसरात त्याला सगळे शेठच म्हणत. एका दुपारी जीप आली आणि डॉक्टर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "बाई, आज पहिल्यांदा कुणीतरी माझी झडती घेतली."

झालं होतं असं. डॉक्टर पोचले तेव्हा रामसजन खुर्चीत बसलेला, दोन्ही मनगटं त्याच्याच गमछ्याने एकत्र बांधलेली. टेबलावर गोडाऊनची चावी आणि पावडरची पुडी आधीच मांडून ठेवलेली. आत निळ्या पिंपांची रांग. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? फौजदार म्हणाले, "सगळं नियमाने होईल डॉक्टर, तुम्ही सुरू करा." डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे खिसे उलटे केले, अॅप्रनचे तेवढे राहिले, आणि म्हणाले, "पहले मेरी तलाशी लो." आता, नकार द्यायचा असतो हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबाने हुकूम केला, असं त्याला वाटलं. तो उठला आणि त्याने बांधलेले दोन्ही हात डॉक्टरांच्या अॅप्रनच्या खिशात घातले. आधी थर्मामीटर काढला, मग गुळाची पुडी. पोलीस हसायला लागले. डॉक्टरांनी पुडी उघडून दिली आणि म्हणाले, "खा ले." त्याने दोन्ही हात तोंडापर्यंत नेऊन गूळ खाल्ला.

"मग सही केलीत?" मी विचारलं.

"केली. तेवढ्यात बारकूचा फोन आला, म्हैस अडलीय, पाय बाहेर आलाय. पानं खूप होती. मी हात बघितले, कागद बघितला नाही."

शेठलाही दोन दिवसांनी उचलला. चावी चौकीदाराकडे सापडली, चौकीदार शेठचा, गोडाऊन शेठचं, अशी साखळी. साखळीची पहिली कडी म्हणजे रामसजनच्या खिशातून पंचांसमक्ष निघालेली चावी आणि पुडी. ती खिशातून निघताना पंचांनी बघितलेलीच नव्हती.

केस उभी राहायला काही वर्षं गेली. तेवढा काळ दोघेही आत. समन्स आलं त्या आठवड्यात डॉक्टरांचं गुळावरचं लक्ष उडालं; खिसा रिकामाच असायचा. फौजदार दवाखान्यात येऊन गेले, चहा घेतला, गोडीत बोलले. "डॉक्टर, पंचनाम्यात आहे तेवढंच म्हणा. तो शेठ सुटला तर या तालुक्यातलं एकही पोर वाचणार नाही." हे खोटं नव्हतं, तेच तर वाईट होतं. ते गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी हे ऐकलं होतं बाई. इथे संन्याशाला फाशी दिली तरच चोराला बेडी पडते. खरं बोललो तर दोघं सुटतात. खोटं बोललो तर दोघं आत, आणि रामसजनची दहा वर्षं माझ्या सहीने जातात."

मी तेव्हा तरुण होते, मला मतं फार होती. मी म्हटलं, पावडर विकणारा सुटता कामा नये. डॉक्टर म्हणाले, "त्याला पकडायचं काम पोलिसांचं. त्यांनी ते नीट केलं असतं तर मला निवड करावी लागली नसती." त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो एवढा चढलेला ऐकला नव्हता.

ठाण्याच्या कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेले. पिंजऱ्यात शेठ इस्त्रीच्या शर्टात उभा होता, शेजारी रामसजन, केस पिकलेले. दुसरे पंच एका कार्यालयातले लिपिक. त्यांनी सगळ्याच प्रश्नांना "पंचनाम्यात लिहिलंय तसंच" म्हणून आपली सुटका करून घेतली. मग डॉक्टर. दाराशी शिपायापुढे त्यांनी खिसे उलटे केलेच, शिपाई दचकला.

आरोपीच्या वकिलांनी वाचून दाखवलं. "पंचांनी अंगझडती देऊ केली असता आरोपीने ती घेण्यास नकार दिला. हे खरं आहे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याने माझी झडती घेतली."

वकिलांनाही हे अपेक्षित नसावं. "कशी घेतली?"

"दोन्ही हातांनी. मनगटं बांधलेली होती. माझ्या खिशात गूळ होता, तोही त्याने दोन्ही हातांनी खाल्ला. एक हात सुटा असता तर एका हाताने खाल्ला असता."

"आणि चावी? पुडी?"

"मी पोचलो तेव्हा टेबलावर होती. कुठून निघाली ते मी बघितलं नाही."

सरकारी वकील उसळून उठले, मग सही का केलीत म्हणून. डॉक्टर म्हणाले, "न वाचता केली. ती माझी चूक आहे. ती पण लिहून घ्या." मी रामसजनकडे बघत होते. मराठी त्याला किती कळत होती कुणास ठाऊक, पण गूळ हा शब्द आल्यावर त्याने मान वर केली होती.

संशयाचा फायदा देऊन दोघेही सुटले. रामसजन कोर्टाच्या आवारातच डॉक्टरांच्या पायांवर पडला आणि थेट गावाकडे गेला. शेठ मात्र तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला, पांढऱ्या गाडीतून, पेढ्यांचा खोका घेऊन. त्यानेही डॉक्टरांच्या पायांना हात लावला. "डॉक्टर, तुमच्या एका खऱ्या शब्दाने वाचलो. अशी माणसं जगात आहेत म्हणून आम्ही आहोत."  गाडी गेल्यावर डॉक्टरांनी बारकूमामांना मागच्या अंगणात खड्डा खणायला लावला आणि मेलेली वासरं पुरतो तिथे तो खोका चुन्यासकट पुरला. बारकूमामा हळहळले. "सायेब, कुत्र्यांना तरी टाकला आसता." डॉक्टर म्हणाले, "कुत्र्यांनी काय घोडं मारलंय?"

त्यानंतर जीप त्यांच्यासाठी बरेच दिवस आली नाही. पोलिसांनी त्यांना ओळख देणं सोडलं. बाजारात लोक कुजबुजायचे की डॉक्टरला शेठने काहीतरी दिलं असणार. हा माणूस दुसऱ्याच्या दारात खिसे उलटे करत आयुष्यभर हिंडला, आणि शेवटी लोकांना त्याच्या खिशात काय आहे याचीच शंका आली. मला ते ऐकून एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. डॉक्टरांनी मात्र सवय सोडली नाही. फक्त आता ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात खारबावहून एक तबेलेवाला आला. त्याच्या म्हशी नाल्याचं पाणी पीत नव्हत्या. वैशाखात तहानलेली म्हैस पाण्याला तोंड लावत नाही म्हणजे काय? आम्ही दोघं गेलो. म्हशी काठावर उभ्या, माना पुढे, नाकपुड्या फेंदारलेल्या, आणि पुढे सरकायला तयार नाहीत. एक पारडू तोंडाला फेस येऊन आदल्या दिवशीच मेलेलं; डॉक्टरांनी वाकून त्याचं तोंड पुसलं. पाण्यावर साबणासारखा तवंग आणि नाकाला झोंबणारा वास. डॉक्टर तवंगाकडे बघत उभे राहिले. मग काठाकाठाने वर चालायला लागले, मी मागे. बऱ्याच अंतरावर नाल्यात एक पाइप उतरला होता आणि तो जात होता एका बंद गोडाऊनच्या मागे. तिथे उभी असलेली पांढरी गाडी आम्ही दोघांनीही ओळखली.

"चला इथून," मी म्हटलं. 

"मीच सोडवला ना," डॉक्टर म्हणाले. "आता पकडायलाही मीच आलं पाहिजे."

ते पोलीस ठाण्यात गेले ते फौजदारांशी भांडायच्या तयारीनेच. या वेळी पंच म्हणून आपणच येणार, सगळ्यांच्या आधी येणार, आणि आपल्यासमोर दार उघडल्याशिवाय एकही वस्तू हलणार नाही, असं त्यांनी बजावलं. छापा तसाच पडला. आत पावडर बनवायच्या भट्ट्या चालू होत्या आणि शेठ स्वतः हजर होता. त्याच्या खिशातून चावी निघाली ती डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. त्याआधी डॉक्टरांनी खिसे उलटे केले होते. ते वाक्य ऐकून शेठ हसला होता. "डॉक्टर, तुमची झडती कशाला? तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुम्ही खरंच बोलता." परत आल्यावर डॉक्टरांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि बराच वेळ हात धूत राहिले.

एकदा खरं बोललेला पंच दुसऱ्यांदाही खरंच बोलणार, आणि या वेळी कोर्ट त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणार, हे आमच्याआधी शेठच्या ध्यानात आलं होतं. साक्षीची तारीख जवळ आली तसे दवाखान्यासमोर दोघं मोटारसायकलवर येऊन बसायला लागले. काही करायचे नाहीत. चहा प्यायचे, डॉक्टरांना नमस्कार करायचे.

मग एका सकाळी निरोप आला, नारपोलीकडे एका तबेल्यात म्हैस पडलीय, ताबडतोब या. डॉक्टरांनी मलाही बरोबर घेतलं. तबेल्यात एकच म्हैस होती, आणि ती उभी होती, रवंथ करत. नाक ओलं, डोळे स्वच्छ, शेण नीट. डॉक्टरांनी तरी ताप बघितला, पोटावर कान लावला. मोटारसायकलवरचे ते दोघंच दाराशी उभे होते. डॉक्टर म्हणाले, "हिला काही झालेलं नाही."

"म्हैस एकदम बरी हाय डॉक्टर," त्यातला एक अदबीने म्हणाला. "आपली तब्येत कशी हाय, ते इचारायचं होतं. हायवेला गाड्या फार वाढल्यात. स्कूटर जपून चालवा."

डॉक्टरांनी अॅप्रनच्या खिशातून गूळ काढून म्हशीला चारला आणि आम्ही निघालो. वाटेत मी रडले. मी त्यांना सांगितलं, नका जाऊ साक्षीला, आजारी पडा, बदली मागा, इतके जण करतात. ते म्हणाले, "मला भीती वाटते, बाई. खोटं कशाला बोलू? खूप वाटते. पण त्या पारडाच्या तोंडाचा फेस मी या हातांनी पुसलाय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि तुम्ही गूळ ठेवत जा खिशात. थर्मामीटर ठेवता, गूळ ठेवत नाही."

साक्षीच्या आधी काही दिवस डॉक्टरांच्या स्कूटरला हायवेवर टेम्पोने उडवलं. दिवसाढवळ्या, पडघ्याच्या अलीकडे. अपघात अशी नोंद झाली. असेलही, त्या रस्त्यावर अपघात रोजच होतात. टेम्पो मात्र कधी सापडला नाही. मी हे ठामपणे काही म्हणू शकत नाही आणि न म्हणता मला राहवत नाही. त्यांच्या बायकोने त्यांचा अॅप्रन मला दिला. मी तो धुतला नाही बरेच दिवस. शेठची केस साक्षीदाराविना रेंगाळली, त्याला जामीन मिळाला आणि पांढरी गाडी पुन्हा दिसू लागली.

दवाखाना आता माझ्याकडे आहे. मला वाटलं होतं, पंच म्हणून मला कुणी बोलावणार नाही. परवा दुपारी बारकूमामा आत आले. "म्याडम, जीप आली हाय." ते माझ्याकडे असे बघत होते की मी दाढदुखीचं सोंग केलं असतं तर त्यांना आनंद झाला असता. मी हात धुतले, डॉक्टरांचा अॅप्रन चढवला आणि निघाले.

गोडाऊन पडघ्याचंच, नवं. फाटकाबाहेर मोटारसायकलवर ते दोघं बसले होते. एकाने हात जोडले. "म्याडम, तब्येत बरी ना?" मी फाटक ढकलून आत गेले. आत नवे फौजदार होते, तरुण, आदबशीर. "मॅडम, आता सगळं चित्रीकरण होतं," त्यांनी कॅमेरा धरलेल्या शिपायाकडे बोट दाखवलं. "तुमच्या डॉक्टरांच्या त्या केसने आमच्या खात्याला चांगलंच शिकवलं. आता कुठेही फट राहत नाही." मी विचारलं, गोडाऊन कुणाचं आहे? "भाडेकरार आहे ना, चौकीदाराच्याच नावावर. सही त्याचीच."

चौकीदार भिंतीशी उभा होता, हात मोकळे. डोक्यावर एकही काळा केस नव्हता, तरी मी त्याला ओळखलं. गावाकडे गेलेला रामसजन परत आला होता. जेलमधून सुटलेल्याला काम कुणी दिलं असेल आणि कुठल्या कागदावर सही घेऊन, ते मला विचारावं लागलं नाही.

फौजदार म्हणाले, "मॅडम, ते वाक्य बोला, मग सुरू करू." कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. मी पँटचे खिसे उलटे केले आणि त्याच्यासमोर गेले. "पहले मेरी तलाशी लो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अॅप्रनकडे. गुळाने खिशाजवळ पडलेला, कधी न गेलेला डाग त्याने ओळखला असावा. नकार द्यायचा असतो हे आता त्याला नक्की माहीत होतं. तरी त्याने हात पुढे केला आणि खिशातून गुळाची पुडी काढली.

"डॉक्टरसाहब?" त्याने विचारलं.

"नहीं रहे," मी म्हटलं.

त्याने पुडी उघडली. कुणी बांधलेले नव्हते, तरी त्याचे दोन्ही हात एकमेकांना चिकटून वर गेले, आणि दोन्ही हातांनी त्याने गूळ तोंडात घातला. सदऱ्याच्या बाह्या कोपराकडे सरकल्या. मनगटांभोवती दोरीचे वळ होते, लाल, ओलसर, आजचेच. मी यायच्या थोडं आधी कॅमेऱ्यासाठी हात सोडले असणार.

"चला, आता याची झडती," फौजदार म्हणाले आणि पंचनाम्यासाठी लेखणी माझ्यापुढे धरली. फाटकाबाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती पुढे गेली नाही, तिथेच घरघरत राहिली. मी दोन्ही हात अॅप्रनच्या रिकाम्या खिशांत घातले.

"कॅमेरा इकडे आणा," मी शिपायाला म्हटलं. "आधी याची मनगटं घ्या. सही मग."